यंदा काय लुटलंस?

‘बिल्कुल,’ मी म्हणाले, आणि म्हणून झाल्याबरोबर माझी मलाच चीड आली. भक्तीनं सरळ विचारलं होतं. फौजी कँटीनची रांग, सकाळचं धुकं, तिच्या हातात घडी केलेली पिशवी, लग्नातलं नवंकोरं मंगळसूत्र मुद्दाम स्वेटरच्या बाहेर काढलेलं. ‘ताई, खरंच मिळतात का हो त्या कंपनीत पैसे? तुमची स्कूटी त्यातूनच आली ना?’ इतकं साधं मराठी. तिला दिल्लीची थंडी अजून अंगवळणी पडली नव्हती, बोलण्यात एक हिंदी शब्द शिरला नव्हता. आणि मी उत्तर दिलं ते हिंदीत. बिल्कुल. रांग पुढं सरकली, मी तेल, चहापत्ती, साबण मागितला, कार्ड पुढं केलं, आणि डोक्यात तेच चाललेलं. ‘हो गं’ का नाही म्हणाले मी? कारण ‘हो गं’ माझ्या तोंडातून निघालंच नसतं. ‘हो गं’ म्हणताना समोरच्या बाईकडे बघावं लागतं. ‘बिल्कुल’ला ते लागत नाही, ते पाकिटात तयार मिळतं. गुरुग्रामच्या त्या हॉटेलात, जिथं गालिच्यावर चपला काढायच्या की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, तिथं एका टायवाल्या माणसानं आम्हांला हेच शिकवलं होतं. कोणी विचारलं, पैसे मिळतात का, तर ‘हाँ’ म्हणायचं नाही, ‘हाँ’ में शक रहता है. हसायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, बिल्कुल. आम्ही सगळ्या बायकांनी ते एका आवाजात म्हणून दाखवलं होतं, शाळेत पाढे म्हणतात तसं.

परतताना भक्ती माझ्या मागं बसली, त्याच स्कूटीवर. कँटोन्मेंटचे सरळसोट रस्ते, कडेच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, धुक्यातून मध्येच परेडच्या तालमीहून परतणाऱ्या गाड्या. ती माझ्या कानाशी बोलत होती आणि वाऱ्यामुळं अर्धंच ऐकू येत होतं, पण तेवढं पुरे होतं. तिचा नवरा जयदीप फील्डला, म्हणजे वर बर्फात. तिला इथं एकटीला क्वार्टर मिळालेलं. गावी ती ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. इथं क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायकांचं ते काम कोणी करत नाही, बाजारातला शिंपी महिना महिना ब्लाउज देत नाही, म्हणून तिच्या वडिलांनी मोटारवाल्या मशीनसाठी पैसे पाठवलेले. ‘पण सुभेदारसाहेबांच्या चेतनावहिनी म्हणाल्या, मशीनवर पाठ मोडून घेशील. तेच पैसे कंपनीत घाल, मशीन काय, दुकान काढशील. उद्या तुमच्याकडं हळदीकुंकू आहे ना, तिथंच फॉर्म भरते. म्हटलं, आधी तुम्हांला विचारावं. तुम्ही काही खोटं सांगणार नाही.’ ऐका! तुम्ही काही खोटं सांगणार नाही! समोर स्पीडब्रेकर होता, मी गाडी मुद्दाम तशीच घातली त्याच्यावर. दोघी उडालो. ‘अगं बाई!’ म्हणत तिनं माझी कंबर घट्ट धरली आणि हसली. मला तिचा राग आला, तिच्या त्या विश्वास टाकण्याचा. कशाला ठेवावा कोणी कोणावर इतका विश्वास, बाजारात भाजी घेताना तरी चार ठिकाणी विचारतो आपण.

स्कूटी माझ्या नवऱ्याच्या पगारातली आहे. त्यांची थकलेली रक्कम आली, त्यातून घेतली, तेजश्रीला शाळेत सोडायला. घेतली त्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, आणि तेवढ्यात चेतनावहिनी आल्या पेढे खायला. पेढा तोंडात, फोन हातात. ‘वैजयंती, जरा पुढं उभी राहा. अशी. हसून.’ फोटो काढला. मग पर्समधून एक स्टिकर काढून त्यांनी स्वतः पुढच्या बाजूला चिकटवलं: ‘मेरी मेहनत, मेरी कंपनी’. पुन्हा फोटो काढला. मला वाटलं, कौतुक चाललंय. संध्याकाळी तो फोटो सगळ्या दिल्लीभर फिरत होता, खाली लिहिलेलं, वैजयंतीजी की पहली कमाई. मी वहिनींना फोन केला, वहिनी, असं नाहीये हे. तर त्या म्हणाल्या, ‘अगं, आज नाही तर उद्या होणारच आहे ना? आपण फक्त आधी सांगतोय.’ आणि आमचे हे, हवालदार हणमंत, यांनी तो फोटो पाहिला लंगरमध्ये, जवानांच्या जेवणाच्या रांगेत, दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवर. घरी आले, बूट काढले, मोजे झटकले आणि विचारलं, ‘स्कूटी कंपनीनं दिली म्हणे. कुठल्या? चार्ली कंपनीनं का?’ हे पलटणीच्या चार्ली कंपनीतच आहेत. आमच्या घरात कंपनी म्हटलं की आधी तीच, जिच्यात ते पंधरा-सोळा वर्षं ताठ उभे राहिले. ते हसत होते, मी नव्हते हसत.

पण मला कोणी भोळी म्हणू नका हं. मला हे कोणी डोळ्यांवर पट्टी बांधून करायला लावलं नाही. मी गेले, माझ्या पायांनी गेले, आणि का गेले तेही सांगते. बारा गावचं पाणी प्यायले मी यांच्या मागं. झाशी, बबिना, जोधपूर, पुन्हा झाशी, आता दिल्ली. प्रत्येक ठिकाणी दवाखान्यात, शाळेत, गेटवर माझं नाव एकच, हवलदार हणमंत की वाइफ. नंबरही यांचाच. यांची एकेक फीत वाढली तसा बायकांच्या कार्यक्रमात माझा नंबर एकेक ओळ पुढं सरकला. आणि त्या हॉटेलात, दिव्यांच्या झगमगाटात, कोणीतरी माइकवर म्हणालं, ‘सिल्वर वैजयंती जी, मंच पर आइए.’ नुसतं वैजयंतीजी. पुढं नाही, मागं नाही, कोणाची वाइफ नाही. माझ्या साडीला बिल्ला लावला त्यांनी, खोटा असेल, पितळेचा असेल, पण तो माझा होता. मी त्या दिवशी परतताना मेट्रोत तो काढला नाही. धौला कुआँपर्यंत लोक बघत होते आणि मी खिडकीच्या काचेत स्वतःला बघत होते. याची मला लाज नाही वाटत. ज्यांना आयुष्यभर स्वतःच्या नावानं हाक मारली जाते त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

त्या बिल्ल्याचं मात्र भाडं द्यावं लागतं, हे नंतर कळलं. सिल्व्हर राहायचं तर दर महिन्याला माल उचलायचा. विकला तर विकला, नाहीतर आपणच घ्यायचा, नाव चालू ठेवायला. महिनाअखेरीला काहीतरी खात्यात यायचं खरं, फोन टिंग करायचा, मी खूश व्हायचे, आणि चार दिवसांत तेच, वर आणखी घरखर्चातले घालून, डब्यांत जायचे. प्रोटीनचे डबे, कोरफडीचा रस, दातांची पेस्ट, गुडघ्यांचं तेल. दिवाणाखालचा खण भरला, मग तेजश्रीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली, मग न्हाणीघराच्या माळ्यावर. ती पावडर आम्ही खाल्लीही. मी सकाळी दुधातून यांना द्यायचे, हे म्हणायचे, ‘चुन्यासारखी लागते गं, बुंध्यांना लावायची का?’ मिळतात की पैसे. न मिळून कसं चालेल, ते हॉटेल कोणाच्या पैशावर उभं राहतं? चेतनावहिनींच्या वर जो आहे, त्याच्या वर जो आहे, त्याला मिळतात. त्याला मिळावेत म्हणून खाली आम्ही, आणि आमच्या खाली आणखी कोणीतरी लागतं. माझ्या खाली अजून कोणी नव्हतं. ‘तुझ्या खाली एक तरी यायलाच पाहिजे या महिन्यात,’ वहिनी म्हणत होत्या, ‘नाहीतर सिल्व्हर जाईल हं.’ ती एक म्हणजे भक्ती, हे न सांगताच ठरलं होतं.

दुपारी वहिनींचा फोन आला. मी तीळ भाजत होते, फोन खांद्यात धरला. वहिनी वाईट नाहीत, हेही सांगून टाकते. तेजश्रीला ताप चढला होता आणि हे बाहेर होते तेव्हा साहेबांची गाडी काढायला लावून त्यांनीच दवाखान्यात नेलं होतं. सुभेदारसाहेब यांचे वरिष्ठ, त्यामुळं वहिनींना ‘नाही’ म्हणायची आमच्या लाइनीत पद्धत नाही, आणि त्याही कधी ‘करशील का’ असं विचारत नाहीत. ‘वैजयंती, उद्याचं वाण आपल्या कंपनीचंच लुटायचं हं. पावडरचं छोटं सॅशे प्रत्येकीला. सॅशे दिलं की तू उभी राहून तुझी स्टोरी सांग, स्कूटीची. दोन मिनिटं. मग मी फॉर्म काढते. भक्तीचा झाला की बाकीच्या आपोआप भरतात. आणि तोंड जरा गोड ठेव, तुझा चेहरा फार लवकर पडतो.’ मी ‘हो वहिनी’ म्हणाले. ते मात्र मराठीत निघालं. फोन ठेवला तर तेजश्री ओट्याशी उभी, हातात पेन्सिल, डोळे एवढाले. ‘मम्मी, किसको लूटना है?’ मला आधी कळेचना. ‘अगं, वाण लुटायचं. उद्या.’ ‘हां, पर किसको? लुटायचं मतलब रॉबरी ना? चेतना आंटी पण येणार?’ मी खो खो हसले. एवढं हसले की उलथनं हातातून पडलं. दिल्लीत वाढलेलं पोर, त्याला लूट म्हणजे डाकूच माहीत. म्हटलं, वेडाबाई, आपल्यात लुटणं म्हणजे देणं. सगळ्यांना वाटून टाकायचं, परत काही मागायचं नाही, त्याला वाण लुटणं म्हणतात. तिनं मान वाकडी करून विचार केला आणि म्हणाली, ‘तो फिर फॉर्म क्यों?’ तीळ तडतडत होते. गॅस बारीक करायचं राहिलं, खालचे करपले. ‘जा, अभ्यास कर,’ मी ओरडले तिच्यावर. करपलेले तीळ निवडत बसले, आणि माझ्या अंगाला घाम, जानेवारीत.

कारण मला आठवत होतं. लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू जोधपूरला, वाळूच्या वादळात, पत्र्याच्या शेडखाली. आम्ही चौघीच मराठी. मी चहाच्या गाळण्या लुटल्या होत्या. एवढीशी गोष्ट, पण बाजार पालथा घालून चांगल्या जाळीच्या शोधल्या होत्या. त्यातली एक बाई पुढं झाशीला भेटली तर म्हणाली, ‘तुझी गाळणी अजून आहे गं माझ्याकडं.’ संक्रांत ते रथसप्तमी सगळ्या लाइनीत एकच प्रश्न असतो, यंदा काय लुटलंस? कोणी वाट्या लुटते, कोणी कंगवे, कोणी पापडाची लाटणी. ती वस्तू घरी नेणारीनं तुम्हांला काही देणं लागत नाही, हीच त्यातली मजा. आयुष्यभर पै-पैचा हिशोब करणारी बाई त्या एका दिवशी राणीसारखी लुटते. आणि उद्या मी काय लुटणार होते? भक्तीचं मशीन. तिच्या बापानं कुठून कुठून जमवून पाठवलेलं मशीन, तिचं स्वतःचं, तिच्या पायाखाली घरघरणारं. तेजश्रीच्या हिंदीतलं लुटणं, कपाळाला कुंकू लावून. हातातले तीळ मी ताटलीत टाकले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘नाही जमणार!’ आतून तेजश्री म्हणाली, ‘क्या नहीं जमेगा?’ ‘काही नाही, तू लिही.’ पण एकदा तोंडातून गेलं होतं. यांना फोन लावला, तालमीच्या बंदोबस्तात होते, मागं बँडचा आवाज. म्हटलं, अहो, उद्या माझ्या हातून काहीतरी वाकडं होणार आहे, सुभेदारसाहेब तुम्हांला बोलावतील. मग म्हणाले, ‘स्कूटीचं खरं सांगणारेस का?’ ‘हो.’ ‘मग बोलावू दे.’ फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बैठकीची खोली भरली. काळ्या साड्या, गजरे नाहीत म्हणून प्लॅस्टिकची फुलं, सगळ्यांच्या पायांत लोकरी मोजे आणि त्यांतून जोडवी बोचतात म्हणून चाललेली कुरकुर. शेजारची हरयाणवी भाभीही आली होती, तिला आमचं काही कळत नाही पण तिळाचे लाडू कळतात. मी एकेकीला हळदकुंकू लावलं, हातावर अत्तर टेकवलं, तिळगूळ दिला. तिळगूळ घ्या, गोड बोला. तिळगूळ घ्या, गोड बोला. भक्तीच्या कपाळावर बोट टेकवताना तिनं डोळे मिटले आणि हसली, तिच्या मांडीवर पर्स होती, दोन्ही हातांनी धरलेली. आत ते पैसे होते, हे कोणीही ओळखलं असतं. चेतनावहिनी सोफ्यावर मध्यभागी, बाजूला फॉर्मचं पाकीट. त्यांनी घसा साफ केला. ‘चला, आता आपली वैजयंती वाण लुटेल, आणि तिनं काय काय कमावलं ते सांगेल. सांग गं.’ मी उभी राहिले. बघा, माइक नाही, दिवे नाहीत, पायाखाली आपलीच सतरंजी. भक्तीकडं बघितलं आणि म्हणाले, ‘भक्ती, काल तू मला एक विचारलंस आणि मी बिल्कुल म्हणाले. आता मराठीत सांगते. नाही गं मिळत. मला नाही मिळाले. जे आले ते डब्यांत गेले, आणि घरचे गेले ते वेगळेच. स्कूटी यांच्या पगाराची आहे. फोटोत हसतेय ती मीच, पण फोटो खोटा आहे.’

कोणीतरी लाडू चावायचं थांबलं, तेवढंही ऐकू आलं. ‘वैजयंती!’ वहिनी म्हणाल्या, हसत, पण आवाजाला धार. ‘मेहनत नाही केली की असं होतं. सगळ्यांचं तसं नसतं.’ ‘मग तुमचं सांगा वहिनी,’ मी म्हणाले. मी भांडत नव्हते, खरंच विचारत होते. ‘तुम्ही तर गोल्ड. तुमच्या स्टोअररूमला कुलूप का असतं? आत काय आहे, सांगा यांना. मराठीत सांगा.’ वहिनींचं तोंड उघडलं. मला वाटतं त्यांच्या ओठांवर ‘बिल्कुल’ आलं होतं, पण प्रश्नच तसा नव्हता. त्यांच्या कुंकवाखालचं कपाळ आक्रसलं आणि मला एकदम त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून थांबायचं नाही हेही मी ठरवलेलं होतं. आत गेले, दिवाणाची फळी उचलली. ‘तेजू, धर.’ डबे, रस, पेस्ट, तेल, एकेक करून बाहेर. एकेकीच्या ओटीत टाकत गेले. ‘घे. घे गं. हे तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना. ही पेस्ट चांगली आहे, खोटं कशाला बोलू, पेस्ट चांगलीच आहे. सही नको, फॉर्म नको. मी लुटतेय.’ आधी एक बाई हसली, मग दुसरी. भाभी म्हणाली, ‘अरे, ये तो सच में लूट मची है!’ आणि तेजश्री तिला ठासून म्हणाली, ‘वो वाली लूट नहीं, आंटी.’ भक्ती हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कशाचं कोण जाणे. ‘काल का नाही सांगितलंत ताई?’ ती म्हणाली. मी म्हणाले, ‘काल माझ्यात धमक नव्हती. आज आहे. पर्स बंद कर आणि मशीन घे. माझे चार ब्लाउज पहिले, शिलाई घासाघीस न करता देईन.’ तिनं पर्सची चेन ओढली. तो आवाज मला फार बरा वाटला.

वहिनी उठल्या. फॉर्मचं पाकीट काखेत, पदर सावरत दारापर्यंत गेल्या. ‘हणमंतला याचा त्रास होईल, एवढं लक्षात ठेव,’ त्या हळूच म्हणाल्या, फक्त मला ऐकू जाईल असं. मी म्हटलं, ‘वहिनी, वाण न घेता जायचं नसतं.’ आणि माझ्या साडीवरचा सिल्व्हरचा बिल्ला काढला. होय, आजही लावला होता मी, मुद्दाम लावला होता. त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली. हात थंडगार होता त्यांचा. त्या वळून गेल्या. चपला उलट्या पायांत घातल्या होत्या, दोन पावलांवर थांबून त्यांनी त्या बदलल्या.

संध्याकाळी हे आले ते कॉलर घट्ट, चेहरा घट्ट. तेजश्री धावत गेली. ‘पप्पा, आज मम्मीने सगळं लुटलं!’ ‘किसको लूटा रे?’ ‘किसी को नहीं, पप्पा. लुटलं म्हणजे दिलं. इतना भी नहीं पता?’ यांनी रिकाम्या दिवाणाकडं बघितलं, मग माझ्या साडीकडं, जिथं बिल्ल्याच्या टाचणीची दोन भोकं राहिली होती. ‘साहेबांनी बोलावलंय. आत्ताच. फोनवर नाही, निरोप्या पाठवून.’ ‘काय म्हणतील?’ ‘म्हणतील ते म्हणतील. ऐकून येतो.’ ते पायीच निघाले. मी म्हटलं, ‘थांबा. चालत नाही जायचं. स्कूटी घेऊन जा, आणि त्यांच्या दारात लावा, बरोबर दिव्याखाली.’ मग स्टिकरची आठवण झाली. आतून उलथनं आणलं, गरम पाण्यात बुडवलं आणि अंगणातच स्कूटीपुढं उकिडवी बसले. खसाखसा खरवडलं. ‘मेरी मेहनत’ सहज निघालं. ‘मेरी कंपनी’ काही केल्या निघेना, डिंक चांगला होता मेल्यांचा. हे टॉर्च धरून उभे. ‘असू दे,’ म्हणाले, ‘कंपनी तर माझीच आहे.’ आणि किक मारली.